खोबणीतली काडी

माझ्या उजव्या डोळ्याच्या खोबणीत पऱ्हाटीची काडी वर्षापेक्षा जास्त काळ होती. कपाशी वेचून झाली की वाळलेली झाडं उपटून सरपणाला आणतात, ती पऱ्हाटी. आमच्याकडे तिच्यावरच चूल पेटायची. ती काडी सासूनं मारली होती. हे आधीच सांगून टाकते, कारण तेव्हा हे सोडून बाकी सगळं बोललं गेलं.

सासर बोदवडजवळ, माहेर धुळ्याच्या पलीकडे. शाळा चौथीपर्यंत. लग्न होऊन आले तेव्हा माझी बोली ऐकून सासरचे हसायचे. सासू म्हणायची, "हिले बोलता येत नाही, खाता मात्र येते." बोलता येत होतं. पण बोलून फायदा नव्हता, म्हणून मी कमी बोलायचे.

शिमग्याच्या आसपासची गोष्ट. मी चुलीपुढे बसून गुडघ्यावर पऱ्हाटी मोडत होते आणि दूध उतू गेलं. सासूला मारायला हातात काहीतरी लागायचं, आणि जे हाताशी असेल ते चालायचं. उलथनं, चप्पल, केरसुणी. त्या दिवशी तिनं माझ्याच हातातली काडी ओढून घेतली आणि तोंडावर मारली. मी मान फिरवली. काडीचं तुटकं, तिरपं टोक भुवई आणि नाक यांच्यामधून, डोळ्याच्या वरच्या कोपऱ्यातून आत गेलं. तिनं काडी उपसली आणि चुलीत घातली. तिचं टोक जाग्यावर होतं की नाही, हे कुणी पाहिलं नाही. पाहावं असं कुणाला वाटलंही नाही. सासू सांडलेल्या दुधाकडे बघत होती.

रक्त फार आलं नाही. भोक हरभऱ्याएवढं. सासूनं त्यात हळद दाबून भरली, वरून खोबरेल लावलं. शेजारच्या बाळंतिणीला बोलावून तिचं दूध माझ्या डोळ्यात पिळायला लावलं. डोळ्याला लागलं की आमच्याकडे तेच करायचे. मी ओट्यावर आडवी, बाळंतीण माझ्यावर वाकलेली, तिचं पोर खाली भुकेनं रडतंय. बाळंतीण म्हणाली, "अक्का, हिलेच सगळं पाजलं तर माह्या पोरानं काय प्यायचं?" जमलेल्या बायका सगळ्या हसल्या.

आठवड्यात जखम भरली. हळदीनं कसा गुण आला ते सासू गल्लीभर सांगत फिरली. गुण आला होता खरा. वरून कातडी छान जुळली आणि काडीचं टोक आत कोंडलं गेलं.

उन्हाळ्यात डोळा ठणकायला लागला. पापणी सुजली, ताप आला, कोपऱ्यातून पू यायचा आणि थांबायचा. मग डोळा हळूहळू पुढे आला, आणि थोडा खाली सरकला. आरशात बघितलं की एक डोळा माझा आणि एक कुणा दुसऱ्याचा वाटायचा. सगळं दोन-दोन दिसायला लागलं. चूल दोन, तवे दोन. सासवा दोन दिसायच्या, तो त्रास वेगळाच.

नवऱ्यानं बोदवडच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं विचारलं, "कसं लागलं?"

नवरा म्हणाला, "ओट्यावरून पडली."

त्याला खोटं शोधावं लागलं नाही. घरात तशी पद्धतच होती. मोठ्या जावेचा हात मोडला, तेव्हा तीही ओट्यावरून पडली होती. आमचा ओटा गुडघ्याएवढा होता. बाहेरच्या माणसापुढे घरातलं भांडण न्यायचं नाही, असं सगळ्या सुनांना पहिल्या वर्षातच कळायचं. मी मान हलवली.

डॉक्टरनं डोळ्याभोवतीचं हाड बोटानं दाबून पाहिलं. म्हणाला, पडली आहे तर हाडाला चीर गेली असेल. जळगावला जाऊन कवटीचा एक्स-रे काढा.

पडली म्हटल्यामुळे सगळे हाड शोधायला लागले. काडी शोधायचं कुणाच्या डोक्यात यायचं कारणच नव्हतं.

जळगावला एक्स-रेच्या खोलीत गारवा होता आणि औषधाचा आंबट वास. फोटो काढणाऱ्या माणसानं मला पाटीपुढे उभं केलं. नाक आणि कपाळ पाटीला टेकवायला लावलं. पुढे आलेला डोळा पाटीवर दाबला गेला आणि मी ओरडले. तो नवऱ्याला म्हणाला, "बाई हलतात. तुम्ही मागून डोकं धरा." नवऱ्यानं धरलं. शेतात बैलाला औषध पाजताना धरतात तसं, दोन्ही कानांच्या मागून. "श्वास रोखा." मशीन गुरगुरलं. मग आडवा फोटो, एका बाजूनं. तेव्हाही त्यानंच धरलं.

ओला फोटो चिमट्याला लावून उजेडासमोर धरला. कवटी पांढरी, डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे. तिथल्या डॉक्टरनं बघितलं, नखानं कडा दाखवल्या आणि म्हणाला, "हाड शाबूत आहे. फोटोत काही नाही." गोळ्या लिहून दिल्या. गोळ्या घेतल्या की सूज उतरायची, संपल्या की परत यायची.

लाकूड त्या फोटोत दिसत नाही. लोखंडाचा कण असता तर दिसला असता, काचही दिसते, वाळकी काडी दिसत नाही. हे मला फार नंतर कळलं. तेव्हा मलासुद्धा वाटलं की फोटोत नाही म्हणजे नाहीच. आत काहीतरी टोचतंय, ते माझ्या मनाचं असेल.

सासूला तो फोटो म्हणजे देवच मिळाला. तिनं तो भिंतीवरच्या खुंटीला टांगला. कुणी बाई घरात आली आणि माझ्याकडे बघून चुकचुकली की सासू फोटो काढून दाराच्या उजेडात धरायची.

"पाह्य वो बाई, दिसते का काही? जळगावचा डॉक्टर म्हणे, काही नाही. मंग डोया काहून वटारून राह्यली ही? कामाचा कंटाळा."

"इतका पुढे कसा आला मंग?"

"अंगातली मस्ती पुढे आली."

त्या काळात फोटोला फार मान होता. डॉक्टर चुकेल, भगत चुकेल, फोटो कसा चुकेल? मी डोकं दुखतं म्हटलं की नवरा खुंटीकडे बोट दाखवायचा. नंतर नंतर तर तोंडानं काही बोलायचाही नाही, नुसतं बोट. मग मीही सांगणं सोडून दिलं.

गल्लीत मला घुबड म्हणायला लागले. बाळंतिणी मला बघून पदराखाली पोरं झाकायच्या. ज्या बाईनं माझ्या डोळ्यात दूध पिळलं होतं, तीसुद्धा. तिच्या पोराला जुलाब झाले तेव्हा ती आमच्या दाराशी येऊन मीठ-मिरच्या उतरवून गेली, माझ्यादेखत. मी तिला म्हटलं, "अजून दोन मिरच्या घे. डोळा मोठा आहे." ती जी गेली ती परत आली नाही.

त्या दिवाळीत सूर्यग्रहण होतं. उघड्या डोळ्यांनी बघू नका, एक्स-रेच्या फोटोतून बघा, असं गावात पसरलं. गावात असा फोटो आमच्याच घरी. नवऱ्यानं खुंटीवरून काढला आणि अंगणात नेला. गल्लीतले पुरुष, पोरं, सगळे रांगेनं माझ्या कवटीतून वर बघत होते. डोळ्याच्या खोबणीचा भाग जास्त काळा, म्हणून सूर्य तिथेच धरायचा.

"भाऊ, उजव्या डोयातून चांगला दिसते."

"हिच्या त्या डोयातून कुणाले तरी चांगलं दिसलं."

मी आत होते. ग्रहणात माझ्यासारख्या वाईट डोळ्याच्या बाईनं बाहेर यायचं नाही, असं सासूनं सांगितलं होतं. त्यांचं हसणं ऐकू येत होतं. मी तांदूळ निवडत होते आणि खडे दोन-दोन दिसत होते, म्हणून एक डोळा हातानं झाकून निवडत होते.

पुढच्या आखाजीला माहेरी गेले. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात सासरवाशिणी त्या सणाला माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. मी झोक्यावर बसले नाही. हलल्यावर डोळ्यामागे कळ यायची. माय दळण पाखडत होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं.

"डोयाले काय व्हयनं वं?"

मी तिला सांगितलं. काडी, दूध, हळद, सगळं. वर्षात पहिल्यांदा कुणाला तरी सांगत होते. माय शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग दाराकडे बघून आवाज खाली केला.

"कोनले सांगं का हाई?"

"नाही."

"मंग सांगू बी नको. त्या तुले आठे आनी टाकतीन. तुनी धाकली बहिननं लगीन व्हवानं शे. घरमां बसेल पोर दखी कोन करी तिले?" सासरचे मला इथे आणून टाकतील आणि घरी बसलेली मुलगी बघून धाकटीला कुणी करणार नाही, एवढंच तिच्या डोक्यात.

मी म्हटलं, "माय, मला दिसत नाही नीट."

"एक डोयाघाई दिसस ना? बठ्ठं जग एकघाई बी दिसस."

तरी ती मला धुळ्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. मायेपोटी नेलं असेल. धाकटीला बघायला पाहुणे यायच्या आत तो डोळा जागेवर बसवायचा होता, हेही असेल. दोन्ही खरं असू शकतं. वाटेत एसटीत तिनं मला पढवलं. "पडनी अशीच सांग."

धुळ्याचा डॉक्टर तुसडा होता, पण बघायचा नीट. एक पट्टीसारखं यंत्र दोन्ही डोळ्यांच्या कडांना लावून त्यानं डोळा किती पुढे आलाय ते मोजलं. बोट फिरवून कुठे बघता येतं ते तपासलं. वर आणि नाकाकडे बघताच येत नव्हतं. मग विचारलं, "कशानं झालं? काही घुसलं होतं का?"

मी तोंड उघडलं. मायनं मागून माझ्या दंडाला चिमटा काढला. "पडनी व्हती," ती म्हणाली. "ओटावरतीन."

डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तसली मान हलवायची मला सवयच लागली होती.

तो म्हणाला, "पडून वर्ष झालं आणि डोळा वाढतच चाललाय, म्हणजे मार हे कारण दिसत नाही. आत गाठ असावी. सीटी स्कॅन करा. त्यात डोळ्यामागचं मांस, नस, सगळं कापून ठेवल्यासारखं दिसतं. गाठ वाईट असली तर ती मेंदूकडे सरकायच्या आत डोळा काढावा लागेल. नुसता डोळा नाही, खोबणीतलं सगळंच. नवऱ्याला बोलावून घ्या, सही लागेल."

माय उठून एसटी स्टँडकडे चालायला लागली. मी तिला म्हटलं, "आता तरी सांगू दे. गाठ नाही ती. काडी आहे." ती म्हणाली, "फोटोमां काही निंघनं नही ना? मंग काडी कोठेन उनी?"

नवरा आला आणि त्याच्याबरोबर सासूही आली. कारण काय, तर खर्च काय सांगतात ते तिला स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं. डॉक्टरनं दोघांना समोर बसवून तेच सांगितलं. नवऱ्यानं विचारलं, "कुठे सही करायची?" डॉक्टर म्हणाला, "अजून नाही. आधी स्कॅन होऊ द्या." सासूनं विचारलं, "डोया काढल्यावर काचेचा बसवता का तुम्ही?"

"खोबण रिकामी केली तर काचेचाही बसत नाही."

"मंग पट्टी बांधून फिरन का ही जल्मभर?"

"फिरेल."

सासू म्हणाली, "फिरू द्या. असा वटारलेला पाह्यण्यापेक्षा पट्टी बरी."

आता ठरल्यासारखंच होतं. स्कॅनमध्ये गोळा दिसणार, नवरा सही करणार आणि माझा डोळा एका काडीपायी बादलीत जाणार. काडी मला माहीत होती, मारणारीला माहीत होती, नवऱ्याला आणि मायला माहीत होती. न माहीत असलेला एकटा डॉक्टर. त्याला सांगायला मला एकटीला जागा मिळत नव्हती. जिथे जाईन तिथे त्यातलं कुणीतरी शेजारी उभं.

धुळ्यात ते मशीन तेव्हा नवीन होतं. पांढरं, मोठ्या चाकासारखं, मध्ये भोक आणि भोकात जाणारी फळी. गळ्यातलं, कानातलं, नाकातलं, केसांतल्या पिना, सगळं काढायला लावलं. मी ते काढून नवऱ्याच्या हातात दिलं. सासू म्हणाली, "मीही थांबते आत, ती घाबरते." मी कधी घाबरले होते कोण जाणे. मशीनवाला म्हणाला, "कुणीच थांबायचं नाही. आत किरणं असतात. चला, सगळे बाहेर." त्यानं जाड दार ओढून घेतलं.

तो स्वतःही काचेपलीकडे जाऊन बसला. खोलीत मी एकटी. लग्नानंतर दिवसाउजेडी बंद दाराच्या खोलीत एकटी असण्याची ती माझी पहिलीच वेळ असेल.

फळी सरकली. मशीनमधूनच त्याचा आवाज आला. "डोळे मिटा. आत बुबुळ फिरवू नका. गिळू नका." मिटलेला डोळा आत कसा फिरवायचा नाही हे कुणी शिकवलेलं नव्हतं. चाक घरघरलं. फळी थोडी सरकायची, थांबायची, परत घरघर. मग तो आत आला, दंडात औषधाची सुई दिली. सगळं अंग गरम झालं, अगदी खालपर्यंत, मला वाटलं लुगड्यात लघवी झाली. मग म्हणाला, "आता पालथं झोपा. हनुवटी पुढे, मान वर." मी तशी झाले. म्हैस डबक्यात नाकपुड्या वर काढून पोहते तशी. तो पुन्हा काचेपलीकडे गेला.

आवाज तिकडून येतो तर इकडून जातही असेल, असं माझ्या मनात आलं.

मी म्हटलं, "दादा, ऐकू येतं का?"

"बोलू नका. फोटो हलतो."

"डोळ्यात काडी आहे."

चाक थांबलं. "आत्ता गेली?"

"नाही. गेल्या वर्षीच्या शिमग्याला. पऱ्हाटीची. पडले नव्हते मी, काडी मारली होती."

"कुणी?"

"बाहेर बसलीय ती."

मग तो म्हणाला, "अहो, हे डॉक्टरला सांगायचं. मला काय सांगता?"

"डॉक्टरपुढे सगळे उभे असतात. तुम्ही सांगा."

"मी कुणाच्या घरच्या भानगडीत पडत नाही."

"मग डोळा काढतील."

तो चिडला. "हनुवटी खाली आली तुमची. वर करा. आता परत पहिल्यापासून करावं लागणार." मी हनुवटी वर केली. मान भरून आली होती आणि पुढे आलेल्या डोळ्यातून पाणी गळून फळीवर पडत होतं. चाक परत घरघरलं. मला वाटलं, गेलं.

पण त्यानं सांगितलं. संध्याकाळी फोटो वाचणाऱ्या डॉक्टरनं मला बोलावलं. नवरा उठला तर त्याला म्हणाला, "तुम्ही नको. यांना अजून एकदा तपासायचंय." आत गेले तर डोळ्यांचा डॉक्टरही तिथेच बसलेला. उजेडाच्या पाटीवर माझ्या डोक्याच्या चकत्या लावलेल्या, भाकरीच्या चतकोरासारख्या ओळीनं. एका चकतीत डोळ्याच्या वर करडा गोळा आणि त्या गोळ्यात बारीक, सरळ, काळी रेघ.

"ही रेघ आम्ही हवा समजत होतो," फोटोवाला डॉक्टर म्हणाला. "वाळलेलं लाकूड या फोटोत हवेसारखंच काळं दिसतं. पण हवा अशी छापल्यासारखी सरळ राहत नाही. काडीचं कुणी बोललंच नाही, म्हणून आम्ही गाठच धरून चाललो होतो."

मग मिटलेल्या पापणीवर गार चिकट मलम लावून त्यावर एक कांडी फिरवली. ती सोनोग्राफी. समोर पडद्यावर राखेसारखं करडं हलत होतं. एका जागी कांडी तिरपी धरली आणि मध्ये पांढरी ठळक रेघ उमटली, तिच्यामागे काळी सावली. डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला, "ही बघा. ही तुमची काडी."

मी डाव्या डोळ्यानं बघितली. छोटी होती. मला वाटलं होतं मोठी असेल.

"हे मला पहिल्या दिवशी का सांगितलं नाही?" तो ओरडला. "मी डोळा काढला असता तुमचा. कळतं का तुम्हाला?"

मी म्हटलं, "कळतं."

त्यानं दार उघडून नवरा, सासू आणि माय, तिघांना आत घेतलं आणि सांगितलं की गाठ नाही, आत लाकूड आहे, डोळा काढायची गरज नाही, काडी काढायची आहे. कुणाच्याच तोंडावर आनंद दिसला नाही.

नवरा म्हणाला, "लाकूड कसं जाईल?"

डॉक्टर म्हणाला, "मग ओट्याला लाकूड फुटलं होतं का?"

सासू पहिल्यांदा थोडी अडखळली. मग म्हणाली, "हिनंच घातली असन. आम्हाले बदनाम कराले. लई आतल्या गाठीची हाये."

माय भिंतीला टेकून उभी होती. ती माझ्याकडेच बघत होती, रागानं. बाहेर आल्यावर म्हणाली, "बोंबलानी काय गरज व्हती? डोया गया असता तं गया असता. आते घर बी गयं."

ऑपरेशन झालं. भुवईखालून कापून काडी काढली. आगकाडीच्या निम्म्यानं, जाडीला थोडी जास्त, कुजून काळी झालेली. तिच्याबरोबर वाटीभर घाण निघाली. डॉक्टरनं काडी बाटलीत घालून नवऱ्याला दाखवली. नवऱ्यानं बाटली हातात घेतली नाही. गोळ्या दिवसातून किती वेळा द्यायच्या, तेवढं विचारलं.

डोळा मागे जागेवर गेला. पट्टी काढल्यावर डॉक्टरनं समोर बोटं धरली. मला बोटं मोजता आली नाहीत. उजेड कळत होता, हात हललेला कळत होता. तो म्हणाला, वर्षभर नस दाबली गेली, आता ती परत यायची नाही. लवकर आला असता तर. मी त्याला मध्येच थांबवलं. म्हटलं, "दोन-दोन दिसणं तरी थांबेल ना?" तो म्हणाला, "थांबेल." थांबलं.

मायचा अंदाज चुकला. सासरच्यांनी मला टाकलं नाही. कपाशी वेचायला आणि म्हशीचं करायला माणूस लागत होतं. मीही गेले, कारण जायला दुसरी जागा नव्हती. धाकटीचं लग्न ठरलं होतं आणि मायच्या घरात माझं गाठोडं ठेवायला कोपरा नव्हता. सासूचा हात त्यानंतरही उठायचा, पण तोंडावर नाही, पाठीवर. गल्लीत ती शेवटपर्यंत सांगत राहिली की काडी-बिडी काही नव्हती, डॉक्टर लोक पैशासाठी काहीही काढून दाखवतात.

पुढे काही वर्षांनी सासूला मोतीबिंदू झाला. डोळ्यांच्या शिबिरात ऑपरेशन झालं आणि दिवसातून चार वेळा थेंब घालायला सांगितले. नवरा दिवसभर शेतात, मोठी जाऊ वेगळी झालेली. घरात मी एकटी. पहिल्या दिवशी मी बाटली घेऊन खाटेशी गेले तर तिनं डोळा घट्ट मिटला आणि दोन्ही हातांनी माझं मनगट धरलं.

"पोरगा येऊ दे संध्याकाळी. तो घालन."

"तोवर डोळा लाल होईल. हात सोडा."

"तुले नीट दिसत नाही. भलतीकडे जाईल."

"एका डोळ्यानं दिसतं. सोडा."

सोडल्याशिवाय चालणार नव्हतं, ते तिला कळत होतं. तिनं बोटं एकेक करून उचलली आणि पापणी उघडली. मी बाटली तिच्या बुबुळावर धरली. थेंब लगेच टाकता आला असता. मी तशीच धरून उभी राहायचे. ती श्वास रोखून वर बघत पडायची, तोंड उघडं, पायाची बोटं आवळलेली. बाहेर म्हैस ओरडायची, दुपार सरकायची. मग मी थेंब टाकायचे. चारही वेळा, रोज. तिचा डोळा चांगला झाला. मरेपर्यंत तिला सुईत दोरा ओवता येत होता.